लिहून आण, सही करतो

आमचं घर प्लायचं होतं. फर्निचरच्या दुकानात मिळतं ते गुळगुळीत प्लाय नव्हे. स्लॅबखाली सात-आठ वेळा वापरून, सिमेंटचं पाणी पिऊन फुगलेलं, कडा सुटलेलं, ठेकेदार ‘न्या उचलून’ म्हणून फेकून देतो ते. अब्बा सेंट्रिंग मिस्त्री. स्लॅब ओतायच्या आधी त्याच्याखाली फळ्या आणि टेकूच्या लाकडी बल्ल्यांचा तात्पुरता सांगाडा उभा करतात, तो करणारा माणूस. काँक्रीट घट्ट झालं की सांगाडा काढून घ्यायचा आणि पुढच्या कामावर जायचं. बंगला बघायला आलेला पाहुणा फरशीचं कौतुक करतो, झुंबराचं करतो. सेंट्रिंगचं कौतुक करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. लोणावळ्यातल्या कितीतरी बंगल्यांची छपरं अब्बांच्या बल्ल्यांवर निजून मोठी झाली. आमच्या डोक्यावर मात्र पत्रा, पत्र्याला भोकं, भोकांवर डांबर.

पावसाळ्यात काम बंद. लोणावळ्याच्या पावसात स्लॅब भरायचा म्हणजे आमटीत पाणी वाढवत बसायचं. त्यामुळे जून ते सप्टेंबर अब्बा घरी. नेमक्या त्याच चार महिन्यांत शहरातले लोक पेट्रोल जाळून भुशी धरणावर भिजायला यायचे. आम्ही जवळच्याच गावात घरबसल्या भिजायचो. अम्मी धरणाच्या वाटेवर शेगडी मांडून कणसं भाजायची, त्यावर घर चालायचं. चालायचं म्हणजे दिवसातून दोनदा चूल पेटायची, त्यातली एक वेळ चहापुरती. एका पावसाळ्यात अब्बा पत्रा नीट करायला वर चढले आणि खाली आले ते खांदा मोडूनच. त्या वर्षी आमचा पावसाळा दिवाळीनंतरही चालू राहिला.

अशा घरातून मी सिव्हिल इंजिनिअर झाले. घराण्यातली पहिली पदवीधर. घराणं हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण तो वापरायला आम्हाला इतकी वर्षं कुणी परवानगी दिली नव्हती. ही गोष्ट मी ज्याला त्याला सांगते. ज्यांना त्याचा कंटाळा येतो, त्यांचे आजोबा बहुधा पदवीधर असतात.

पदवी मिळाली आणि मी लोणावळ्यातल्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात लागले. त्यांना सगळे सर म्हणायचे, मीही. सरांकडे परवाना होता. आमच्या धंद्यात डोकं कुणाचंही चालतं, सही मात्र परवान्याची लागते. इमारतीचं डिझाईन मी करायची, गज किती जाडीचे आणि किती अंतरावर ते मी ठरवायची, साइटवर चिखलात मी जायची. संध्याकाळी सर यायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे, “सगळं ठीक ना?” विचारायचे आणि सही करायचे. सही देखणी होती. शेवटी एक गिरकी होती, ती काढताना सर श्वास रोखून धरायचे. आठ वर्षं मी ती गिरकी बघितली. माझं नाव एकाही नकाशावर नव्हतं.

मग एका सोमवारी सर म्हणाले, “अगं, मी दिवाळीला ऑफिस बंद करतोय. गुडघे संपले माझे. मुलगी बंगळूरला बोलावतेय.”

“मग मी?”

“तुला कुठंही घेतील की. मी फोन करतो दोघातिघांना.”

कुठंही म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी गिरकीखाली. पुन्हा पहिल्यापासून. मी त्याच आठवड्यात ठरवलं, परवाना आपलाच काढायचा आणि दिवाळीच्या आत काढायचा.

अर्ज ऑनलाइन होता. म्हणजे सगळं कॉम्प्युटरवर भरायचं, मग त्याची छापील प्रत काढायची, आणि ती घेऊन पुण्याच्या ऑफिसात समक्ष जायचं. गुणपत्रिका, अनुभवाचा दाखला, फोटो, सगळं होतं. अडलं एका कलमावर. तुमचं काम स्वतः पाहिलेल्या दोन परवानाधारक इंजिनिअरांनी तुमच्याबद्दल लिहून द्यायचं. ‘ठीक आहे’ एवढं चालणार नाही. एखादं काम सांगायचं आणि त्यात अर्जदाराने काय निर्णय घेतला ते लिहायचं. नातेवाईक चालणार नाही. पाकीट बंद हवं, आणि जिथं चिकटवलं तिथं आडवी सही हवी.

हे मी घरी वाचून दाखवलं ती माझी पहिली चूक. अब्बांना त्यातलं ‘लिहून द्यायचं’ तेवढं ऐकू आलं.

“म्हंजी दाखला,” अब्बा म्हणाले. “त्यात काय एवढं? मी आणतो.”

“अब्बा, तसला दाखला न्हाई...”

“तू गप. शिकलीस म्हून दुनिया कशी चालती ते कळतं व्हय तुला?”

चार दिवसांनी त्यांनी माझ्यासमोर तीन कागद टाकले. सरपंचांचा, दूध डेअरीच्या चेअरमनचा आणि पोलीस पाटलाचा. तिन्हींवर गोल शिक्के. सरपंचांनी लिहिलं होतं की सदर मुलगी गावची रहिवासी असून माझ्या चांगल्या परिचयाची आहे. चेअरमननी लिहिलं होतं की ती निर्व्यसनी आहे. पोलीस पाटलांनी आणखी उदार होऊन लिहिलं होतं की माझ्या माहितीप्रमाणे तिच्यावर आजपर्यंत कोणताही गुन्हा दाखल नाही.

“‘माझ्या माहितीप्रमाणे’ कशाला?” मी विचारलं. “त्यांना काय शंका आहे का?”

“तसं लिवायची पद्धत आसती.”

“अब्बा, मला इमारती बांधायच्यात. लग्न न्हाई जमवायचं.”

हे ऐकून अम्मी आतून म्हणाली, “दोन्हीला लागतील. जपून ठिव.”

अब्बा रुसले. चेअरमनकडे ते तासभर बाकड्यावर बसले होते, आणि ज्या माणसाशी त्यांचं डेअरीच्या रस्त्यावरून भांडण होतं त्याला त्यांनी ‘भाऊ’ म्हणून हाक मारली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र मी हसले. तीन कागद पिशवीत घालून फळीवर ठेवले आणि खऱ्या इंजिनिअरांकडे निघाले.

पहिले सर. ते तर घरचेच.

“लिहून आण,” सर म्हणाले, “सही करतो.”

दुसरे वडगावचे. तहसील कचेरीच्या समोर, स्टँप विकणारे आणि अर्ज लिहिणारे यांच्या रांगेत त्यांचं ऑफिस. त्यांच्या दोन इमारतींचं डिझाईन सरांच्या मार्फत मी केलं होतं. एकीचा पाया खणताना एका बाजूला काळा कातळ लागला आणि दुसऱ्या बाजूला मऊ मुरूम. अर्धी इमारत दगडावर, अर्धी गादीवर. तिथं मी सगळा पायाच बदलला होता. त्यांनी माझं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही.

“लिहून आण, सही करतो. आणि जरा झकास लिही. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की लिहिणाऱ्यालाही काही कळतं.”

ही आमच्याकडची रीत आहे. ज्याला शिफारस हवी त्यानेच ती लिहायची, आणि मोठ्या माणसाने न वाचता सही करायची. वाचली तर तो आपल्यावरचा अविश्वास समजतात. शाळेच्या दाखल्यापासून लग्नाच्या बायोडेटापर्यंत माझी सगळी स्तुती आजवर आमच्याच घरात तयार झालेली आहे. त्यामुळे मला यात काही वावगं वाटलं नाही.

स्वतःची स्तुती लिहायला सुरुवातीला लाज वाटते. पहिल्या पानाच्या मध्यापर्यंत. मग हात सैल होतो. सरांच्या नावाने मी जरा भारदस्त लिहिलं, ‘मला नमूद करण्यास समाधान वाटते’ वगैरे. वडगावकरांच्या नावाने तुटक लिहिलं, कारण ते तुटक बोलतात. त्यात तो कातळ घातला, मुरूम घातला, पाया कसा बदलला ते घातलं. शेवटी शेवटी तर मलाच माझ्याबद्दल आदर वाटायला लागला. एक गोष्ट सांगते, त्या दोन पत्रांत एक वाक्य खोटं नव्हतं. फक्त ज्यांच्या नावावर ती होती त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं.

दोघांनी सह्या केल्या. सरांनी गिरकीसकट. पाकिटं बंद केली, आडव्या सह्या झाल्या, मी पुण्याला जाऊन अर्ज दिला आणि येताना स्टेशनवर भेळ खाल्ली.

बारा दिवसांनी बोलावणं आलं. मला वाटलं, परवानाच. समोर एक अधिकारी बाई बसल्या होत्या. केस घट्ट बांधलेले, चष्म्याला दोरी. त्यांनी माझी फाईल उघडली आणि एका कागदावरची टिपणं वाचायला लागल्या.

“मी तुमच्या संदर्भांना फोन केला होता,” त्या म्हणाल्या.

एवढ्या वर्षांत असा फोन कुणी कुणाला केल्याचं मी ऐकलं नव्हतं.

“वडगावच्या गृहस्थांना मी विचारलं, या अर्जदाराला तुम्ही ओळखता का. ते म्हणाले, कोण, ती पांढऱ्या स्कुटीवाली? हुशार आहे. चहा घेत नाही.” बाईंनी पान उलटलं. “मी विचारलं, पत्रात तुम्ही पायाबद्दल लिहिलंय ते काय आहे? ते म्हणाले, कुणाच्या पायाबद्दल?”

मी खाली बघितलं.

“मग तुमच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, उत्तम आहे, अतिशय उत्तम. मी म्हटलं, पत्रात कोणत्या कामाचा उल्लेख केलात? ते म्हणाले, एक मिनिट हं, तिलाच फोन देतो. आणि त्यांनी तुम्हाला हाक मारली. दोनदा.”

“मी साइटवर होते,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“ते त्यांनीही सांगितलं. मग म्हणाले, ती आली की विचारून कळवतो.”

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शेरा लिहिला की संदर्भ देणाऱ्यांना मजकुराची माहिती नाही, आणि फाईल माझ्याकडे सरकवली. पंचेचाळीस दिवसांत दोन नवे संदर्भ. नाही आले तर अर्ज निकाली, आणि पुन्हा अर्ज करायचा तर वर्षभराने.

“मॅडम, त्यातलं सगळं खरं आहे हो.”

“असेल,” त्या म्हणाल्या. “पण ते तुम्हाला माहीत आहे. मला त्यांना माहीत असायला हवंय.”

येताना भेळ खाल्ली नाही.

घरी सांगितलं तेव्हा अब्बांना आनंद लपवता येईना. भाकरी मोडता मोडता म्हणाले, “माजी पत्रं लावली आसतीस तर ही येळ आली नसती. पाटलाला फोन करू दे त्या बाईला. तुजी मुंज सोडून सगळं सांगल त्यो.”

“आपल्यात मुंज नसती, अब्बा.”

“म्हून तर म्हनलो, ती सोडून.”

अब्बांनी पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुला वळखणारा इंजेनेर एकच हाय. औंढ्याच्या सायटीवरचा. ज्याला तू भर उनात उभा केलतास, त्यो.”

ती गोष्ट आमच्या घरात दोन वर्षं कुणी काढली नव्हती.

झालं होतं असं. औंढ्याला एक बंगला चालला होता. डिझाईन आमच्या ऑफिसचं, म्हणजे माझं. ठेकेदाराचा स्वतःचा परवानाधारक इंजिनिअर साइटवर होता, उंच, गळ्यात कायम रुमाल, बोलला की पलीकडच्या डोंगरावरून आवाज परत यायचा. पहिल्या स्लॅबच्या दिवशी गज तपासायला मी गेले. आणि तिथं सेंट्रिंगवर अब्बा. ठेकेदाराकडे ते रोजावर जात, तशी आमची गाठ पूर्वीही दोन-तीनदा पडली होती. साइटवर मी त्यांना मिस्त्री म्हणायची आणि ते मला मॅडम. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं, तसंच होत गेलं होतं.

गज बरोबर होते. मी खाली वाकून बल्ल्या बघितल्या. एका बाजूच्या दहा-बारा बल्ल्या भरावाच्या मातीवर टेकल्या होत्या. नुकताच परतीचा पाऊस येऊन गेला होता. मी टाच रोवली तर ती आत गेली. बल्लीखाली फळी नव्हती, विटेचे तुकडे होते. आणि फाटकाशी काँक्रीटची गाडी येऊन उभी होती, पोट फिरवत.

“स्लॅब आज नाही,” मी म्हटलं.

रुमालवाला आधी हसला. मग गाडीकडे हात करून म्हणाला, “मॅडम, काँक्रीट काय तुमचा पाहुणा आहे का, उद्या ये म्हणायला?”

“खाली फळ्या टाका, माती दाबा, मग भरा.”

“अहो, तीस वर्षं काम करतोय हा मिस्त्री. विचारा त्याला. मिस्त्री, पडंल का हे?”

अब्बा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत आधी आश्चर्य होतं, मग दुसरंच काहीतरी.

“न्हाई पडायचं,” ते म्हणाले. “आमी आसंच करतो.”

मी नकाशाच्या प्रतीवर ‘स्लॅब भरू नये’ असं लिहिलं, तारीख टाकली, वेळ टाकली. सरांच्या ऑफिसातर्फे. मग म्हटलं, “मिस्त्री, त्या बल्ल्या काढा.”

गाडी परत गेली. रुमालवाला भर उन्हात तासभर उभा राहून मला, माझ्या कॉलेजला आणि एकूण स्त्रीशिक्षणाला नावं ठेवत होता. अब्बांनी बल्ल्या काढल्या. माणसं बघत होती. संध्याकाळी मी घरी आले तर अब्बा भिंतीकडे तोंड करून बसले होते. आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले ते मीठ मागायला.

तो स्लॅब पडला असता का? मला आजही माहीत नाही. आणि आता तेच अब्बा मला त्या माणसाकडे जा म्हणत होते.

“तो शिव्या देईल,” मी म्हटलं.

“देऊ दे. पर कुनाला देतोय ते तरी त्याला म्हाईत आसंल.”

त्याचं काम तेव्हा तळेगावला चाललं होतं. मी गेले तेव्हा तो जिन्याच्या पायऱ्या मोजत होता. रुमाल तोच.

“या मॅडम,” तो म्हणाला. “आज काय थांबवायचंय?”

“काही नाही. मागायला आलेय.” मी सगळं सांगितलं. पहिली पत्रं, फोन, चहा न घेणारी स्कुटीवाली, सगळं. लपवून उपयोग नव्हता, तो हसून हसून पायरीवरच बसला.

“बरं, आता लिहून आणलंय का?”

“नाही. तुम्हीच लिहायचंय. मला दाखवायचंसुद्धा नाही.”

“म्हणजे मी वाटेल ते लिहू शकतो.”

“हो.”

“शिव्या चालतील?”

“मोजक्या.”

त्याने रुमालाने कपाळ पुसलं. मग विचारलं, “ते मिस्त्री तुमचे वडील, हे मला सहा महिन्यांनी कळलं. दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी का बोलला नाहीत? निदान मी तरी आवाज खाली ठेवला असता.”

“म्हणूनच नाही बोलले.”

तो पायरीवरून उठला. “आठ दिवसांनी पाकीट न्या,” म्हणाला, आणि वरच्या मजल्यावर कुणावर तरी ओरडायला गेला.

उरले सर. ज्यांच्याबरोबर आठ वर्षं काम केलं त्यांना सोडून मला दुसऱ्या कुणाकडे जायचं नव्हतं. पण सर पेन घेऊन कोऱ्या कागदापुढे दीड तास बसले आणि त्यांनी फक्त तारीख लिहिली.

“मी काय लिहू, अगं? तूच सांग ना, काय काय केलंस?”

“तेच तर चालत नाही.”

“मग मी तुझं काम तपासलं असं लिहितो.”

“तपासलंत का?”

हे मी जरा तिखट बोलले. आठ वर्षांचं साचलेलं होतं. सरांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, गेला हा संदर्भ. नोकरीही गेली, जी तशीही दिवाळीला जायचीच होती.

“आता हातात काय आहे?” त्यांनी विचारलं.

“तुंगार्लीचा बंगला. दोन मजली.”

“आण.”

तीन दिवस सर त्या बंगल्यावर बसले. कपाटातून जुनी पुस्तकं काढली, त्यांतून झुरळं काढली. चष्मा कपाळावरून नाकावर आला, आठ वर्षांत पहिल्यांदा. पहिल्या दिवशी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एकदा “वा” म्हणाले, तुळयांवर. मी आपली निर्धास्त होते. माझ्या आकडेमोडीत चूक सापडणं म्हणजे काय, असाच माझा तोरा होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी आतून हाक आली. “दुसरी टाकी कुठाय गं?”

“कुठली दुसरी टाकी?”

“नकाशात जिन्याच्या डोक्यावर पाण्याच्या दोन टाक्या दाखवल्यात. तू वजन एकीचंच धरलंयस.”

मी गेले, बघितलं. मालकाने मागाहून फोन करून दुसरी टाकी मागितली होती. मी ती नकाशात काढली, डिझाईनमध्ये घेतली नव्हती. दोन हजार लिटर पाणी मी हवेत लटकवून ठेवलं होतं. माझ्या कानशिलांना आग लागली. आणि सर? सर असे खूश झाले होते की जणू त्यांचा दहावीचा निकाल लागला. खुर्चीतून उठून, दुखऱ्या गुडघ्यांनी, ते ऑफिसभर फिरले.

“सापडली! अगं, सापडली की मला!”

“सर, माझी चूक आहे ती.”

“हो तर! तुझीच आहे! आणि मला सापडली!” मग ते थांबले, खाली बसले आणि हळूच म्हणाले, “बाकीच्यांतही असतील का गं काही? ज्यांवर मी...”

मग आम्ही मागच्या दोन वर्षांच्या फायली काढल्या. पुढचे अठरा दिवस मी डिझाईन केलं आणि सरांनी जुनं तपासलं. आणखी काही धोक्याचं निघालं नाही, हे मी इथं स्पष्ट लिहिते. वाचणाऱ्यांपैकी कुणाचं घर त्यात असायचं. त्यानंतर सरांनी दार लावून पत्र लिहिलं. गिरकी पाकिटावर आली, पण आत काय होतं ते मला माहीत नव्हतं.

बेचाळिसाव्या दिवशी दोन्ही पाकिटं घेऊन मी पुण्याला गेले. बाईंनी ती माझ्यासमोर फोडली. आधी एक वाचलं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं.

“ही संदर्भपत्रं आहेत की तक्रारी?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “मला माहीत नाही, मॅडम. दाखवली नाहीत मला.”

“एक म्हणतात, ही मुलगी आगाऊ आहे, उद्धट आहे, आणि हिच्यामुळे एक गाडी काँक्रीट वाया गेलं. दुसरे म्हणतात, ही दोन टाक्यांपैकी एक विसरली.” त्या चष्म्यावरून बघायला लागल्या. “टाकीचं पुढं काय केलंत?”

“डिझाईन बदललं. मालकाला फोन करून चूक माझी होती असं सांगितलं.”

“आणि हा औंढ्याचा स्लॅब. यांनी लिहिलंय, माझ्या मते तो उभा राहिला असता. राहिला असता का?”

“माहीत नाही.”

“मग थांबवलात कशाला?”

“माहीत नव्हतं म्हणूनच.”

त्यांनी पत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. “सेंट्रिंगचे मिस्त्री तुमचे वडील होते असं यात आहे.”

“हो.”

“ते काय म्हणाले?”

“त्या दिवशी म्हणाले, पडायचं नाही. मग आठ दिवस काही नाही म्हणाले.” मला वाटलं एवढ्यावर थांबावं, पण तोंड थांबेना. “पण आता बल्लीखाली फळी टाकल्याशिवाय ते काम धरत नाहीत. मला सांगत नाहीत. मी दुसऱ्यांच्या साइटवर बघितलंय.”

बाईंनी फोन उचलला आणि माझ्यासमोर दोघांनाही लावला. रुमालवाल्याचा आवाज फोनमधून खोलीभर ऐकू येत होता. तो कितव्या बल्लीखाली माती मऊ होती ते सांगत होता, दोन वर्षांनी, आणि तरीही मीच कशी चुकीची होते तेही सांगत होता. सर टाकीवर बोलायला लागले ते थांबेनात. शेवटी बाईंनाच “बरं, बरं” म्हणून फोन ठेवावा लागला. मग त्यांनी फाईलवर काहीतरी लिहिलं, मला दिसणार नाही अशा बेताने हात आडवा धरून, आणि “या तुम्ही” म्हणाल्या.

ऑफिस बंद व्हायच्या नऊ दिवस आधी मला परवाना मिळाला. त्यावर माझं नाव आणि माझा नंबर आहे. लोणावळ्यात एक खोली भाड्याने घेऊन मी काम सुरू केलं आहे, आणि माझ्या नकाशांवर मीच सही करते.